विश्लेषण : जगात एकच ‘शुद्ध’ इंग्रजी आहे का? मग मराठी वळणाच्या इंग्रजीला दोष का?

कॉल सेंटर, आयटी कंपनी किंवा बँकेच्या ग्राहक सेवा विभागात नोकरीसाठी मुलाखत दिली असेल, तर ‘एमटीआय’ हा शब्द तुमच्या कानावर पडला असेल. मदर टंग इन्फ्लुएन्स, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, याचे हे लघुरूप. उमेदवाराच्या इंग्रजीतून त्याची मराठी, तमिळ किंवा बंगाली डोकावली की त्याच्या नावापुढे ‘एमटीआय आहे’ असा शेरा पडतो. आजाराचे निदान करावे तसा. आता तर माणसाचा उच्चार ऐन संभाषणातच बदलून टाकणारे सॉफ्टवेअर आले आहे. कॉल सेंटर क्षेत्रातली टेलिपरफॉर्मन्स ही बडी फ्रेंच कंपनी भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी ते वापरत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. कर्मचारी भारतातून बोलतो, पलीकडच्या ग्राहकाला आवाज त्याचाच ऐकू येतो, पण वळण परके असते.

या सगळ्यामागे एक गृहीतक आहे. जगात कुठे तरी एक शुद्ध, कोणत्याही प्रभावापासून मुक्त असे इंग्रजी आहे आणि आपले इंग्रजी त्यापासून ढळलेले आहे. हे गृहीतक तपासले, तर ते टिकत नाही. पण त्याची किंमत मात्र दरवर्षी हजारो मुलेमुली मोजत आहेत.

खुद्द इंग्लंडचे इंग्रजी तरी एक आहे का?

नाही. लंडन, लिव्हरपूल, न्यूकॅसल आणि स्कॉटलंडमधले ग्लासगो या चार शहरांतली माणसे चार तऱ्हेचे इंग्रजी बोलतात आणि एकमेकांची थट्टाही करतात. आपण ज्याला ‘बीबीसी इंग्लिश’ म्हणतो, ते उच्चभ्रू शाळांमधून पसरलेले वळण. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांच्या १९७०च्या दशकातल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये असे बोलणारे जेमतेम तीन टक्के होते. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ समजतो, ते तिथेही मूठभरांचेच.

‘र’ची गोष्ट तर फारच बोलकी आहे. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्ये ‘कार्ट’ किंवा ‘हार्ड’सारख्या शब्दांतला ‘र’ उच्चारला जात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन आणि आसपासच्या भागात तो गळू लागला. पुढे हीच फॅशन प्रतिष्ठेची झाली. अमेरिकेत गेलेल्या बहुतेकांनी मात्र जुना ‘र’ जपला. त्यामुळे या एका बाबतीत आजचा अमेरिकी माणूस शेक्सपिअरला लंडनकरापेक्षा जवळचा आहे. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातही ‘र’ टिकून आहे.

न्यूयॉर्कने मात्र एके काळी लंडनची नक्कल करत ‘र’ गाळायला सुरुवात केली होती. नंतर वारे फिरले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये तिथल्या तीन दुकानांत एक साधा प्रयोग केला. एक दुकान श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गीयांचे, एक स्वस्तातले. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे मिळेल, असे ते विक्रेत्यांना विचारत. उत्तर अर्थातच ‘फोर्थ फ्लोअर’. या दोन्ही शब्दांत ‘र’ येतो. श्रीमंतांच्या दुकानात ६२ टक्के विक्रेत्यांच्या बोलण्यात तो पूर्ण किंवा अंशतः ऐकू आला. मधल्या दुकानात हे प्रमाण ५१ टक्के आणि स्वस्तातल्या दुकानात २० टक्के होते.

म्हणजे ‘र’ न उच्चारणे लंडनमध्ये खानदानी आणि न्यूयॉर्कमध्ये गरिबीचे लक्षण. ध्वनी तोच, किंमत उलटी. उच्चार चांगला की वाईट हे त्या उच्चारात नसते, तो कोणाच्या तोंडी आहे त्यावर ठरते, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

अमेरिकेने स्पेलिंग का बदलले?

इथे कारण राजकीय होते. सॅम्युअल जॉन्सन यांचा शब्दकोश १७५५ मध्ये लंडनमध्ये निघाला, तेव्हा ‘कलर’सारख्या शब्दांची ‘यू’सह आणि ‘यू’शिवाय अशी दोन्ही स्पेलिंगे इंग्लंडमध्येच चालत होती. जॉन्सन यांनी ‘यू’ ठेवला. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली. नव्या राष्ट्राची भाषाही आपली हवी, या भूमिकेतून नोआ वेबस्टर यांनी १८२८ मध्ये आपला मोठा शब्दकोश काढला आणि ‘यू’ गाळला. त्यांनी ‘टंग’ आणि ‘विमेन’ हे शब्द उच्चाराबरहुकूम लिहिण्याचाही आग्रह धरला होता, पण लोकांनी तो मानला नाही. कोशकाराने सांगितले म्हणून सगळेच चालते असे नाही. वापरणाऱ्यांनी स्वीकारावे लागते.

संगणकाच्या क्षेत्रात या इतिहासाचा रोज प्रत्यय येतो. शाळेत ‘यू’सह ‘कलर’ शिकलेला मुलगा वेब पेजचा कोड लिहिताना तसेच लिहितो आणि रंग बदलतच नाही. तिथे अमेरिकी स्पेलिंगच चालते. वेबच्या मूळ नियमावलीत तर ‘रेफरर’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ कमी पडला. १९९६च्या दस्तऐवजात ते तसेच छापले गेले आणि आज जगभरातले ब्राउझर तेच चुकीचे स्पेलिंग इमानेइतबारे वापरतात. सगळ्यांनी मान्य केली की चूकही प्रमाण होते.

शब्दांचे अर्थही असेच दोन वाटांनी गेले. विधिमंडळात प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तो चर्चेला ठेवणे. अमेरिकेत त्याचा अर्थ बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांत लांबलचक वाद झाला, हे विन्स्टन चर्चिल यांनीच आपल्या युद्धविषयक ग्रंथात नोंदवले आहे. ब्रिटनमध्ये ‘बिलियन’ म्हणजे पूर्वी एकावर बारा शून्ये. १९७४ मध्ये तिथल्या सरकारने अमेरिकी पद्धत स्वीकारली आणि तीन शून्ये कमी झाली.

मातृभाषेचा प्रभाव फक्त भारतीयांच्याच इंग्रजीत आहे का?

मूळचे काश्मीरचे आणि पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक असलेले ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळांत मांडणी केली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर. इथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि कारभारात, शिक्षणात रुजली. तिसऱ्या, विस्तारत्या वर्तुळात चीन, जपानसारखे देश, जिथे ती परकी भाषा म्हणून शिकली जाते. काचरूंचे म्हणणे असे की, बाहेरच्या वर्तुळातल्या इंग्रजीला तिचे स्वतःचे नियम आहेत. ती आतल्या वर्तुळाची बिघडलेली प्रत नाही.

खरे तर इंग्रजी जिथे गेली, तिथे आधीच्या भाषेची छाप तिच्यावर पडली. आयर्लंड हे त्याचे सगळ्यात जवळचे उदाहरण. ‘मी आत्ताच जेवलो’ हे सांगायला आयरिश माणूस ‘आय ॲम आफ्टर इटिंग’ असे म्हणतो. शब्द इंग्रजी, रचना थेट आयरिश भाषेतली. ‘फिल्म’ला आपल्याकडे जसे ‘फिलिम’ म्हणतात, तसेच आयर्लंडमध्येही म्हणतात. फरक इतकाच की आयरिश माणसाच्या या बोलण्याला लोभसवाणे म्हटले जाते.

सिंगापूरमध्ये चिनी बोली, मलय आणि तमिळ यांच्या सहवासात ‘सिंग्लिश’ तयार झाली. ‘मी जेवलो’साठी ‘आय ईट ऑलरेडी’, ‘जमेल का’साठी ‘कॅन ऑर नॉट’ आणि वाक्याच्या शेवटी आपल्या ‘रे’, ‘बरं’ यांसारखे काम करणारा ‘ला’. सरकारला ही भाषा देशाच्या व्यापाराला मारक वाटली. पंतप्रधान गोह चोक टोंग यांच्या काळात २००० मध्ये ‘चांगले इंग्रजी बोला’ ही मोहीम सुरू झाली. सिंग्लिश संपली नाही. उलट २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने तिच्यातले अनेक शब्द दाखल करून घेतले.

नायजेरियाचे उदाहरण मराठी माणसाला लगेच पटेल. ‘परवा’ला प्रचलित इंग्रजीत एक शब्द नाही. ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असे लांबण लावावे लागते. जुन्या इंग्रजीत त्यासाठी ‘ओव्हरमॉरो’ असा शब्द होता, तो वापरातून गेला. योरुबासारख्या नायजेरियन भाषेत मात्र परवासाठी शब्द आहे. त्यामुळे तिथल्या लोकांनी इंग्रजीतही ‘नेक्स्ट टुमॉरो’ हा शब्द रुळवला. २०२० मध्ये ऑक्सफर्डने एकदम २९ नायजेरियन शब्द घेतले, त्यात हाही होता. दक्षिण आफ्रिकेत वाहतुकीच्या सिग्नलला ‘रोबो’ म्हणतात आणि ‘जस्ट नाऊ’ म्हणजे आत्ता नव्हे, थोड्या वेळाने. यातले काहीही चुकीचे नाही. तिथे तसेच म्हणतात.

आपल्या इंग्रजीत मराठी कुठे दिसते?

जागोजागी, आणि बहुतेक ठिकाणी तिला कारण आहे. ‘मी इथेच आहे’ यातल्या ‘च’ला इंग्रजीत जागा नाही. ब्रिटिश माणूस तो जोर आवाजाच्या चढउताराने दाखवतो. आपण ‘आय ॲम हिअर ओन्ली’ म्हणतो. ‘गरम गरम चहा’चा ‘हॉट हॉट टी’ होतो. वाक्याच्या शेवटचा ‘नो?’ म्हणजे आपला ‘ना?’. इंग्रजीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि या सगळ्यांच्या बहिणी एका ‘कझिन’ शब्दात कोंबलेल्या असतात. आपण निदान ‘कझिन ब्रदर’, ‘कझिन सिस्टर’ अशी सोय करून घेतली.

उच्चारांचेही तसेच आहे. इंग्रजीतला ‘टी’ आपल्या ‘त’सारखा दातांवर होत नाही आणि ‘ट’सारखी जीभ मागेही वळत नाही, तो मधला आहे. आपल्या कानाला तो ‘ट’ वाटला, म्हणून ‘टेबल’ आणि ‘डॉक्टर’ आपण ‘ट’ने लिहितो आणि तसेच उच्चारतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन ध्वनींसाठी मराठीत एकच ‘व’ आहे. ही जिभेची ढिलाई नव्हे. पहिल्या काही वर्षांत कानाने जे ध्वनी वेगळे करायला शिकलेले असतात, त्याच साच्यात नवे ध्वनी बसवले जातात. मराठी शिकणारा लंडनकर ‘त’ आणि ‘ट’ यांत गोंधळतो, तेही याच कारणाने.

हसण्यावारी नेला जाणारा ‘प्रीपोन’ शब्दही पाहा. पुढे ढकलण्याला ‘पोस्टपोन’ आहे, मग अलीकडे आणण्याला शब्द का नसावा? १९१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आलेल्या एका पत्रात हा शब्द सुचवलेला आहे. अमेरिकेत तो रुजला नाही, भारतात रुजला. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाने ‘चाळ’ आणि ‘डबा’ हेही शब्द घेतले. गिरगाव-परळच्या भाषेला कोशात जागा मिळते. तिथून मुलाखतीला आलेल्या मुलाला मिळेलच असे नाही.

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाची लेखी आणि तांत्रिक फेरी उत्तम झाली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बोलणे संथ, स्पष्ट. शेवटच्या फेरीत ‘कम्युनिकेशनवर काम करा’ एवढे सांगून त्याला परत पाठवले. माझे कोणते वाक्य समजले नाही, असे त्याने विचारले. त्याला उत्तर मिळाले नाही.

मग सगळेच बरोबर, प्रमाणाची गरजच नाही?

असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. समजण्याजोगे बोलणे ही जबाबदारी आहेच. कधी कधी तर जीव त्यावर अवलंबून असतो.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून आलेले एव्हियान्का कंपनीचे विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले आणि ७३ जणांचा मृत्यू झाला. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला सांगितले होते, ‘प्रायॉरिटी’ मागितली होती. पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही. प्रसंगाचे गांभीर्य पलीकडे पोहोचलेच नाही. नेमका शब्द किती मोलाचा असतो, हे यातून दिसते.

पण यावर हवाई वाहतुकीने काय उपाय शोधला, तेही पाहा. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने रेडिओवरच्या संभाषणासाठी ठरावीक शब्द आणि ठरावीक उच्चार ठरवून दिले आहेत. त्यात तीनचा उच्चार ‘थ्री’ नव्हे, ‘ट्री’ आहे. पाचचा ‘फाइफ’ आणि नऊचा ‘नाइनर’. ‘थ’चा घर्षणाने होणारा तो खास इंग्रजी ध्वनी जगातल्या असंख्य लोकांना जमत नाही आणि खरखरत्या रेडिओवर नीट ऐकूही येत नाही, म्हणून तो टाकून दिला. हा उच्चार लंडनचा नाही आणि न्यूयॉर्कचाही नाही. तो सगळ्यांना जमणारा आहे.

याच संघटनेची वैमानिकांसाठी सहा पायऱ्यांची इंग्रजी भाषा चाचणी आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पायरी लागते. सहाव्या, सर्वोच्च पायरीच्या व्याख्येतही उच्चारावर मातृभाषेचा प्रभाव असू शकतो, हे स्पष्ट मान्य केलेले आहे. अट एकच, समजण्यात अडथळा येता कामा नये. शेकडो प्रवाशांचा जीव हाती असलेल्या वैमानिकाला ‘एमटीआय’ चालतो. फोनवर बिलाची चौकशी करणाऱ्याशी बोलायला मात्र तो चालत नाही.

यंत्रे कोणाचे इंग्रजी ऐकतात?

मोबाइलशी बोलून काम करून घेण्याच्या काळात हा प्रश्न आणखी गंभीर झाला आहे. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासात ॲमेझॉन, ॲपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या आवाज ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात या प्रणाली सरासरी १०० शब्दांमागे १९ चुका करत होत्या, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५. दोघेही जन्मापासून इंग्रजीच बोलणारे. प्रणालीला शिकवताना ज्यांचे आवाज जास्त ऐकवले, त्यांचे तिला जास्त समजले.

यंत्राच्या बाबतीत हा दोष यंत्राचा, असे आपण चटकन म्हणतो. प्रणालीला आणखी विविध आवाज ऐकवा, असा उपायही सुचवतो. माणसाच्या बाबतीत मात्र ऐकणाऱ्याचा कान तयार करण्याऐवजी बोलणाऱ्याची जीभ बदलायला सांगतो. उच्चार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचे समर्थक म्हणतात की त्यामुळे कर्मचाऱ्याला ग्राहकाचे टोमणे ऐकावे लागत नाहीत. त्यात तथ्य आहे, टोमणे खरेच त्रासदायक असतात. पण टोमणे मारणाऱ्याला काहीच न करता ज्याला मारले त्याचाच आवाज पुसायचा, हा तोडगा झाला, न्याय नव्हे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, मेहनत योग्य जागी करायला हवी. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा नेमके कुठे अडते, याचा धांडोळा घेतला. ‘थ’च्या खास उच्चारावाचून कोणाचे फारसे अडत नाही, असे त्यांना आढळले. अडते ते ऱ्हस्व-दीर्घ स्वरांवर, शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ या ध्वनींबरोबर हवेचा झोत न सोडल्याने आणि वाक्यात चुकीच्या शब्दावर जोर दिल्याने. मराठी मुलांसाठी ही यादी उपयोगी आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक नीट करा. आपला हवेविना उच्चारलेला ‘पेन’ परदेशी कानाला ‘बेन’ वाटू शकतो, हे लक्षात ठेवा. वाक्यातला महत्त्वाचा शब्द ठळक उच्चारा, घाई करू नका. अमेरिकी ‘र’ची नक्कल करण्यात महिने घालवण्यापेक्षा हे आठवडाभरात जास्त फळ देईल.

दुसरी गोष्ट मुलाखत घेणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात २०००पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या वर्गांतून शिकलेली पिढी आता नोकरीच्या बाजारात आहे. तिला इंग्रजी शिकवणारे शिक्षक मराठी वळणाचेच इंग्रजी बोलत होते आणि त्यात गैर काहीच नव्हते. अशा उमेदवाराच्या कागदावर ‘एमटीआय’ हा रकाना ठेवण्याऐवजी ‘समजले की नाही’ हा रकाना ठेवावा. समजले नसेल, तर कोणता शब्द, कोणते वाक्य, हे लिहावे. शेरा मोजता येण्याजोगा झाला की त्यात सुधारणा करता येते. नुसते ‘वळण आवडले नाही’ म्हटले की माणूस फक्त खचतो.

आणि लेखी इंग्रजीचे प्रमाण पाळायलाच हवे. करार, औषधाची चिठ्ठी, तांत्रिक दस्तऐवज यांत ‘आमच्याकडे असेच म्हणतात’ चालत नाही. व्याकरणाची चूक ही चूकच. पण मातृभाषेची छाप नसलेले इंग्रजी जगात कोणीच बोलत नाही. लंडनकराच्या इंग्रजीवरही त्याच्या मातृभाषेची छाप आहे. त्याची मातृभाषाच इंग्रजी असल्यामुळे तिला कोणी ‘प्रभाव’ म्हणत नाही, एवढेच.